कॅसेटवरची रेडिओ मुलाखत संगणकावर उतरवताना: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

लोक मला अधूनमधून फायली पाठवतात. कधी एखाद्या गायिकेची रेडिओवरची मुलाखत, कधी चित्रकाराची, कधी नाटककाराची. घरातल्या कुणीतरी त्या रात्री रेडिओला कॅसेट लावून ठेवलेली असते आणि आता पुढच्या पिढीने ती संगणकावर घेतलेली असते. ऐकायला बसलं की तेच ते दोष. सुरुवातीचं निवेदन कापलेलं. खरखर घालवायच्या नादात आवाज पाण्याखालून आल्यासारखा. सगळं मिळून एकच एमपीथ्री, तिचं नाव ‘जुनी मुलाखत फायनल २’. मूळ कॅसेट कुठे आहे असं विचारलं तर उत्तर येतं, काम झालं म्हणून टाकून दिली.

माणसं कष्ट घेतात, पण उलट्या क्रमाने. साफसफाई आधी, नोंद शेवटी किंवा कधीच नाही. जुनी फीत किती वेळा नीट वाजेल याची हमी नसते, म्हणून पहिल्याच वाजवण्यात जास्तीत जास्त हाती लागेल अशी तयारी आधी करायची. पुढचे टप्पे त्याच हिशोबाने लावले आहेत. घाई असेल तर टप्पा ९ सोडून द्या, २ आणि ३ मात्र सोडू नका.

टप्पा १: ही मुलाखत आणखी कुठे आहे का, ते बघा

प्रसारण केंद्राकडे तर असेलच, असं गृहीत धरू नका. फिती महाग होत्या, पुसून पुन्हा वापरल्या जात. बीबीसीचा ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ हा मुलाखतींचा कार्यक्रम १९४२ पासून चालू आहे, तरी त्याचे सुरुवातीच्या दशकांतले कितीतरी भाग खुद्द बीबीसीकडे उरलेले नव्हते. त्यांतले ९० हून अधिक भाग २०२२ मध्ये पुन्हा हाती आले, ते श्रोत्यांनी घरी केलेल्या ध्वनिमुद्रणांतून. दुसऱ्या टोकाला शिकागोच्या डब्ल्यूएफएमटी केंद्रावरचे स्टड्स टर्केल. १९५२ ते १९९७ या काळात त्यांनी घेतलेल्या मुलाखतींचा प्रचंड साठा टिकला आणि तो आता शोधता येतो, ऐकता येतो.

म्हणून आधी त्या केंद्राचा संग्रह आणि राष्ट्रीय ध्वनिसंग्रह धुंडाळा. शोधताना कलाकाराचं नाव, मुलाखतकाराचं नाव आणि कार्यक्रमाचं नाव अशा तिन्ही वाटांनी जा. जुन्या सूचींत पाहुण्याचं नाव चुकीच्या वर्णलेखनाने पडलेलं असतं, पण कार्यक्रमाचं नाव सहसा बरोबर असतं.

सापडली तरी काम थांबवू नका. संग्रहातली प्रत बरेचदा संपादित असते. हक्कांच्या अडचणीमुळे मधली गाणी तोडलेली असतात, निवेदन वगळलेलं असतं. तुमच्या कॅसेटवर कदाचित अख्खा कार्यक्रम असेल.

टप्पा २: कॅसेट बघा, वाजवू नका

कॅसेट थंड किंवा दमट जागेतून आणली असेल तर कामाच्या खोलीत दिवसभर तशीच राहू द्या. मग उजेडात धरून पुढच्या गोष्टी बघा.

मागच्या कडेवरच्या दोन छोट्या प्लॅस्टिकच्या पाकळ्या आधी. त्या शाबूत असतील तर या कॅसेटवर अजूनही रेकॉर्डिंग होऊ शकतं, म्हणजे एका चुकीच्या बटणाने मुलाखत पुसली जाऊ शकते. फितीची उघडी बाजू खाली आणि ‘अ’ बाजू तुमच्याकडे धरली तर डावीकडची पाकळी ‘अ’ बाजूची, उजवीकडची ‘ब’ची. दोन्ही तोडा. या अख्ख्या लेखातलं सर्वांत स्वस्त काम हेच, आणि सर्वांत जास्त विसरलं जाणारंही.

मग फितीमागची इवलीशी गादी बघा. पितळी पट्टीवर चिकटवलेला फेल्टचा तुकडा असतो तो. जुना गोंद वाळला की गळून पडतो, फीत हेडला (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला) नीट टेकत नाही आणि आवाज येतो-जातो. पुष्कळ लोक इथे ‘फीत खराब झाली’ म्हणून हात टेकतात. फीत धडधाकट असते, गादीच गेलेली असते. स्क्रूची कॅसेट असेल तर फितीच्या दोन्ही गुंडाळ्या उचलून दुसऱ्या चांगल्या कवचात बसवता येतात. कवच चिकटवून बंद केलेलं असेल तर शिवणीत पातळ पातं घालून उघडावं लागतं. आधी एखाद्या टाकाऊ कॅसेटवर हात बसवा.

गुंडाळीची कड सपाट दिसायला हवी. फीत पायऱ्यांसारखी वर-खाली झाली असेल तर पेन्सिल घालून हळूहळू सारखी करा. सी-१२० (दोन्ही बाजू मिळून १२० मिनिटांची) कॅसेट असेल तर जास्त जपा. तिची फीत सुमारे ९ मायक्रॉन जाडीची, म्हणजे सी-६० च्या जवळपास निम्मी. ती ताणली जाते, चाकात गुरफटते. जलद पुढे-मागे पळवणं तिच्यासाठी बंदच.

सावधान: गुंडाळीवर पांढरी भुकटी किंवा जाळीसारखं काही दिसलं तर ती बुरशी असू शकते. ती कॅसेट डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्रात, घालू नका. एका डेकमधून बुरशी पुढच्या सगळ्या कॅसेटना लागते, आणि श्वासातून जाते ती वेगळीच. पिशवीत बंद करून बाजूला ठेवा, जाणकाराला दाखवा.

स्पूलवरच्या मोठ्या फितीबद्दल इथे एवढंच: व्हिनेगरसारखा वास येत असेल किंवा वाजवताना फीत चिकटून चिरचिर करत असेल तर थांबा. चिकट झालेल्या फिती भट्टीत सौम्य उष्णता देऊन तात्पुरत्या वाजण्याजोग्या करतात, पण ते नियंत्रित तापमानाचं, प्रयोगशाळेचं काम आहे. घरच्या ओव्हनमध्ये करू नये. आणि व्हिनेगरचा वास येणाऱ्या अ‍ॅसिटेट फितीला तर ते कधीच करायचं नसतं.

तपासणी: दोन्ही पाकळ्या तोडल्या? गादी जागेवर आहे? कॅसेटचे आणि वेष्टनाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले? वेष्टनावर पेन्सिलीने खरडलेला तारखेचा आकडाही फोटोत आला पाहिजे. त्याचं महत्त्व टप्पा ८ मध्ये कळेल.

टप्पा ३: डेक तयार करा

संगणकाला थेट लागणारे स्वस्त प्लेयर मोहात पाडतात. त्यांतल्या बहुतेकांचा वेग डळमळतो आणि आतला आवाज-रूपांतरक हलक्या दर्जाचा असतो. त्यापेक्षा जुना, भारी, दुरुस्त केलेला डेक उसना आणा. दोन्ही बाजू आपोआप उलटणारा डेक शक्यतो टाळा, कारण त्यात हेडचा कोन एका जागी पक्का राहत नाही.

हेड आणि धातूची दांडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या बोळ्याने पुसा. बोळा तपकिरी येईल. तो पांढरा येईपर्यंत पुसत राहा. रबरी चाकाला मात्र अल्कोहोल वारंवार लावू नका, रबर कडक पडतं. कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. हे दर चार-पाच कॅसेटनंतर, आणि फीत भुकटी सोडत असेल तर प्रत्येक बाजूनंतर.

मग बिनमहत्त्वाची एक कॅसेट लावून अर्धा तास वाजवा. डेक फीत खाणार असेल तर तिची खाऊ दे.

टप्पा ४: जोडणी आणि आवाजाची पातळी

डेकच्या मागच्या ‘लाइन आउट’मधून ऑडिओ इंटरफेसच्या (बाहेरचा आवाज संगणकात नेणाऱ्या डबीच्या) ‘लाइन इन’मध्ये. हेडफोनच्या भोकातून नको, आणि लॅपटॉपच्या मायक्रोफोनच्या भोकात तर मुळीच नको. ते भोक बोलण्यासाठी असतं. त्यातून आवाज फाटतो आणि बरेचदा डावी-उजवीपैकी एकच वाहिनी येते.

संगणकावर आवाज ‘सुधारणाऱ्या’ सगळ्या सोयी बंद करा: आपोआप पातळी राखणं, खरखर दाबणं, घुमारा घालवणं. सूचनांचे आवाज बंद. मोबाइल दुसऱ्या खोलीत, कारण त्याची टिर्र-टिर्र फितीवरच्या आवाजात मिसळली की निघत नाही.

फाइल वेव्ह प्रकारची (आवाज न दाबता साठवणारी), २४ बिट. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने घेण्याची, म्हणजे ९६ किलोहर्ट्‌झची आहे आणि किमान ४८ ची. मध्यम लहरींवरून आलेल्या बोलण्यासाठी ९६ लागतात का, यावर वाद घालणारे घालोत. मी ९६ वरच घेतो, कारण जागा स्वस्त आहे आणि फीत पुन्हा वाजेल याची खात्री नाही. स्टिरिओमध्ये हे तासाला साधारण २ जीबी होतं. साध्या वेव्ह फाइलची मर्यादा ४ जीबी, म्हणजे सुमारे दोन तास. कॅसेटची एक बाजू त्यात आरामात मावते. मूळ रेकॉर्डिंग मोनो असलं तरी दोन्ही वाहिन्या घ्या. फितीचा एक काठ खराब असेल तर दुसरी वाहिनी वाचवते.

पातळी ठरवताना मुलाखतीतला मोठ्याने हसण्याचा किंवा गाण्याचा भाग वाजवून बघावा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण तो भाग शोधायला फीत पुढे-मागे पळवावी लागते, आणि नेमकं तेच नको आहे. पहिली दोन मिनिटं वाजवून सर्वांत उंच ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा (शून्याच्या वर आवाज फाटतो). पुढे कुणी खळखळून हसलं तरी जागा उरते. २४ बिटमध्ये थोडं कमी घेतल्याने काही बिघडत नाही. फाटलेला आवाज मात्र परत येत नाही.

डॉल्बीचं (फितीची खरखर दाबण्याच्या सोयीचं) बटण बंद ठेवा, वेष्टनावर खूण नसेल तर नक्कीच. बिनडॉल्बीचं रेकॉर्डिंग डॉल्बी लावून वाजवलं की ‘स’ आणि ‘श’ मरतात, आणि ते गेलेले कळतही नाहीत. आवाज जरा मऊ झाला म्हणून माणसं उलट खूश होतात.

तपासणी: कॅसेट थांबवून, डेक चालू ठेवून हेडफोनने ऐका. घुमणारा ‘हंऽऽ’ येतोय? मग तो तुमच्या वायरींमधून आहे, फितीवरचा नाही. वायरी बदला, लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. हे आत्ताच निस्तरा.

टप्पा ५: हेडचा कोन, प्रत्येक कॅसेटसाठी वेगळा

बहुतेक लोक हा टप्पा गाळतात, आणि खरा फरक इथेच पडतो. ज्या यंत्रावर मुलाखत रेकॉर्ड झाली, त्याचं हेड फितीला ज्या कोनात टेकत होतं तोच कोन वाजवताना नसेल तर वरच्या पट्टीतला आवाज नाहीसा होतो. व्यंजनं बोथट होतात. ‘सूर’ आणि ‘दूर’ यांत फरक करणं जड जातं. मग लोक सॉफ्टवेअरने तीक्ष्णपणा वाढवतात आणि हाती फक्त हिस्स वाढलेला लागतो. जे फितीवर होतं ते उचललंच गेलं नाही, तर वाढवणार काय?

हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला छोटा स्क्रू असतो. त्याची मूळ जागा रंगाच्या ठिपक्याने आधी नोंदवा. दोन्ही वाहिन्या एकत्र करून मोनो ऐका, कारण मोनोत कोनाची चूक जास्त उघडी पडते. आता चुंबकीय नसलेल्या पेचकसाने स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे. ‘स’, ‘श’, ‘च’ ऐकत राहा. एका जागी फितीची हिस्स आणि ‘स’ दोन्ही अचानक उजळतात. तीच जागा. हिस्स वाढली म्हणून घाबरू नका, हिस्स वाढणं हीच खूण आहे.

सावधान: स्क्रू पाव फेऱ्यापलीकडे जात असेल तर थांबा, तुम्ही चुकीचा स्क्रू धरला असेल. मुलाखतीच्या फितीवर पाच-पाच मिनिटं प्रयोगही नकोत. याच घरची, याच यंत्रावर रेकॉर्ड केलेली दुसरी कॅसेट असेल तर कोन आधी तिच्यावर बसवा आणि मुलाखतीवर फक्त शेवटचा केसभर फरक करा.

टप्पा ६: अख्खी बाजू, एका दमात

सॉफ्टवेअर रेकॉर्डवर टाका, मगच डेकचं प्ले दाबा. उलटं केलं की पहिले शब्द जातात. ऑडॅसिटी किंवा तसं कुठलंही साधं सॉफ्टवेअर चालतं.

फितीच्या पहिल्या मिलिमीटरपासून शेवटपर्यंत जे येईल ते येऊ द्या. मुलाखतीआधी संपलेल्या कार्यक्रमाचे दोन शब्द, वेळेच्या टिकटिका, निवेदन, मधेच आलेली जाहिरात, मुलाखतीनंतरची हवामानाची बातमी. लोक नेमकं हेच ‘फालतू’ म्हणून कापतात. तारीख ठरवायची वेळ आली की पुरावा तिथेच असतो.

या वेळात जवळ बसा. कान हेडफोनमध्ये, डोळे डेकच्या खिडकीवर. गुंडाळी अडखळली, आवाज एकदम वर चढला, तर लगेच थांबवा. दुसरं काम करत ‘होऊ दे आपोआप’ म्हणालात, तर गुरफटलेली फीत अर्ध्या तासाने सापडते.

बाजू ‘ब’साठी नवी फाइल. दोन बाजू जोडायच्या नाहीत. कॅसेट उलटताना मूळ श्रोत्याचे काही सेकंद गेलेले असतात, आणि वाक्य ‘मी तेव्हा ठरवलं की’ इथे तुटलेलं असतं. जोडणी केली की ऐकणाऱ्याला वाटतं कलाकार विषय सोडून भलतंच बोलला.

फाइलचं नाव वर्णनाचं नको, क्रमांकाचं हवं: कॅसेटचा क्रमांक आणि बाजू, जसं ‘००१४-अ’. तोच क्रमांक कॅसेटच्या वेष्टनावर पेन्सिलीने. तारीख, नाव, विषय हे पुढे बदलतात, दुरुस्त होतात, क्रमांक बदलत नाही.

रेकॉर्डिंग संपताच ही फाइल ‘फक्त वाचा’ अशी करून टाका. इथून पुढे तिला कुणी हात लावायचा नाही, तुम्हीसुद्धा.

टप्पा ७: त्याच दिवशी ऐकून वेळनोंद

‘नंतर लिहू’ म्हणून ठेवलेल्या फायली मी पाहिल्या आहेत. माझ्याकडेही आहेत. त्याच दिवशी ऐकलं तर डेकवर काय घडलं ते आठवतं, आणि दोष फितीतला की रूपांतरातला हे कळतं. एका बाजूची नोंद अशी दिसते:

००:००:०० खटका, आधीच्या कार्यक्रमाचे शेवटचे तीन शब्द
००:००:०६ वेळेच्या टिकटिका, शेवटची लांब
००:००:१४ निवेदिका: कार्यक्रमाचं व पाहुण्याचं नाव
००:०१:०२ पहिला प्रश्न, लहानपणीच्या शिक्षणाबद्दल
००:०७:४० पाहुणे एक ओळ गाऊन दाखवतात, साथ नाही
००:१२:०५ फीत चुरगळलेली, दोन सेकंद अस्पष्ट
००:१९:३३ दाराचा आवाज, घरातला, रेडिओवरचा नाही
००:३०:४७ बाजू संपते, उत्तर अर्धवट

‘घरातला, रेडिओवरचा नाही’ ही नोंद मुद्दाम दाखवली. पुष्कळ जण रेडिओसमोर मायक्रोफोन धरून रेकॉर्ड करत. खोकला पाहुण्याचा की घरातल्या आजोबांचा, हे लिहून ठेवलं नाही तर कुणीतरी पुढे कलाकाराच्या प्रकृतीवर परिच्छेद लिहील.

वेगही इथेच तपासा. टिकटिका सापडल्या तर सोनं. त्या एकेका सेकंदाच्या अंतराने येतात, आणि बीबीसीसारख्या केंद्रांवर त्यांचा स्वर १००० हर्ट्‌झचा असतो. तुमच्या फाइलमध्ये तो १०३० दिसला तर सगळं ३ टक्के जलद चाललं आहे. बोलण्यात हे सहज खपून जातं. पण ३ टक्के म्हणजे जवळपास पाव स्वर, आणि ६ टक्के म्हणजे अख्खी एक पट्टी. त्या सातव्या मिनिटाला गायलेल्या ओळीवरून गायिकेची पट्टी ‘काळी चार’ असं कुणी छापलं, तर ती चूक तुमच्या डेकची असेल.

आणखी एक सापळा: मूळ रेकॉर्डर बॅटरीवर चालत असेल आणि बॅटरी संपत आली असेल, तर रेकॉर्ड होताना फीत हळूहळू मंद झालेली असते. आता वाजवताना आवाज शेवटाकडे चढत जातो. म्हणून वेग फक्त सुरुवातीला नव्हे, शेवटीही तपासा. मूळ फाइलमध्ये काहीही सुधारू नका. फक्त नोंद करा.

टप्पा ८: तारीख ठरवणं

वेष्टनावर तारीख आहे, म्हणून काम संपलं असं नाही. एका मुलाखतीला किमान तीन तारखा असतात: ज्या दिवशी कलाकार स्टुडिओत बोलला, ज्या दिवशी ते प्रसारित झालं, आणि ज्या दिवशी पुन्हा लागलं. वेष्टनावरची तारीख बरेचदा तिसरीच असते. मोठा कलाकार गेला की केंद्रं जुनी मुलाखत पुन्हा लावतात, आणि नेमकी तेव्हाच घराघरांत कॅसेट लागते. मृत्यूनंतरची तारीख घातलेल्या मुलाखती मी नोंदींत पाहिल्या आहेत, आणि त्यावर कुणाला काही खटकलंही नव्हतं.

निवेदनात ‘आज सकाळी’, ‘नुकतंच जाहीर झालेलं’, ‘पुन्हा ऐकू या’ असे शब्द शोधा. मुलाखतीत पाहुणा कोणत्या प्रयोगाला ‘आत्ताच्या’ म्हणतो, कोणाला हयात धरून बोलतो, ते टिपा. मागेपुढे बातम्या राहिल्या असतील तर त्यांतल्या घटना त्या काळच्या वर्तमानपत्रांशी ताडा. कार्यक्रमपत्रिका छापणारी मासिकं मिळाली तर सर्वांत उत्तम.

खात्री नसेल तर तसं लिहा: ‘प्रसारण १९७८ ते १९८१ दरम्यान, आधार: पाहुण्यांनी केलेला नाटकाचा उल्लेख’. आधारासकट लिहिलेला अंदाज पुढच्या माणसाला दुरुस्त करता येतो. बिनआधाराची ठाम तारीख मात्र एका नोंदीतून दुसरीत उतरत जाते.

टप्पा ९: ऐकण्याची प्रत

आता साफसफाई, आणि तीही प्रतीवर. वेग दुरुस्त करा, एकदम खाली-वर जाणारी पातळी सारखी करा, सततचा ‘हंऽऽ’ काढा. खरखर कमी करताना मात्र हात आखडता.

यात माझा हात पोळलेला आहे. एका वयस्क चित्रकाराला मुलाखतकाराने विचारलं होतं, पोटासाठी केलेल्या कामांचं वाईट वाटतं का. मूळ फितीवर चार सेकंद काही नाही, खुर्ची करकरते, एक लांब श्वास, मग ‘नाही’. मी खरखर काढणारी चाळणी जोरात लावली. खुर्ची गेली, श्वास गेला, उरली ती मुकी पोकळी. शब्दांकन करणाऱ्या मित्राला वाटलं फाइलच तुटली आहे, म्हणून त्याने ती जागा जोडून टाकली. कागदावर चित्रकार फाडकन ‘नाही’ म्हणाला. मूळ फाइल शाबूत होती, म्हणून पुढे दुरुस्त करता आलं.

तेव्हापासून मी चाळणी अर्ध्यावर लावतो आणि शांत जागा आधी ऐकतो, बोलण्याच्या जागा नंतर. पार्श्वभूमीची थोडी खरखर राहिली तर कान दोन मिनिटांत सरावतो.

ऐकण्याची प्रत एमपीथ्री असायला हरकत नाही. नावात मूळ क्रमांक ठेवा आणि काय काय केलं ते एका ओळीत लिहा.

टप्पा १०: शब्दांकन

वेळ राखून ठेवा. एका तासाच्या मुलाखतीला चार ते सहा तास लागतात, आवाज खराब असेल तर त्याहून जास्त. आपोआप लिहिणारी साधनं पहिला खर्डा देतात. पण रागांची, गावांची, जुन्या नटांची नावं ती बेधडक भलतीच लिहितात, आणि लिहितात ती इतक्या आत्मविश्वासाने की नजर घसरते. खर्ड्यातलं प्रत्येक विशेषनाम स्वतंत्रपणे तपासा.

– प्रश्न पूर्ण लिहा. प्रश्न आवरून घेतला की उत्तराचा रोख बदलतो.
– बोलीतली रूपं सुधारू नका. पाहुणा ‘व्हतं’ म्हणाला तर ‘व्हतं’.
– शांतता, हसणं, गुणगुणणं चौकटी कंसात वेळेसह: [थांबतात, ४ सेकंद], [गुणगुणतात, ११ सेकंद].
– न कळलेला शब्द अंदाजाने भरू नका: [अस्पष्ट, ००:१२:०५].
– दर मिनिटाला नाही, तरी प्रत्येक प्रश्नाला वेळ टाका.

वाचनीय, नीटनेटकी प्रत हवी असेल तर ती या शब्दशः प्रतीवरून वेगळी करा आणि वर ‘संपादित’ असं लिहा. उद्धृत करणाऱ्यांनी शब्दशः प्रतच वापरावी, आणि छापण्याआधी ती जागा एकदा कानाने ऐकावी. दोन अस्पष्ट शब्दांवर भांडण जडलं तर दुसऱ्या कुणाला काही न सांगता ऐकवा. तुम्ही आधी शब्द सुचवलात की त्यालाही तोच ऐकू येतो.

टप्पा ११: प्रती, आणि देण्याआधी हक्क

मूळ वेव्ह फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठ्यांवर, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत. घरी जाळलेल्या सीडी-डीव्हीडींवर भिस्त नको. प्रत्येक मूळ फाइलचा एसएचए-२५६ ठसा (फाइलवरून संगणक काढतो ती अक्षर-आकड्यांची ओळ) काढून फोटोंबरोबर आणि वेळनोंदीबरोबर एका साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवा. पुढे एक बिट जरी बदलला तरी ठसा जुळत नाही.

आता हक्क. कॅसेट तुमची आहे म्हणून मुलाखत तुमची होत नाही. प्रसारकाचा हक्क वेगळा, बोलणाऱ्याचा वेगळा, मध्ये वाजलेल्या गाण्याचा आणखी वेगळा, आणि मुदती देशागणिक बदलतात. जपण्यासाठी प्रत करणं आणि जगासमोर मांडणं यांत कायदा फरक करतो. सार्वजनिक करण्याआधी केंद्राला आणि कलाकाराच्या वारसांना लेखी विचारा. पत्रात क्रमांक, अंदाजे तारीख आणि दोन मिनिटांचा नमुना द्या. केंद्राकडे ती मुलाखत नसेल तर उत्तर बरेचदा लवकर येतं.

मूळ कॅसेट टाकायची नाही. शेवटपर्यंत एकसारखी गुंडाळून, वेष्टनात, उभी ठेवा. स्पीकर आणि मोटारींपासून दूर, कोरड्या कपाटात. वर्षातून एकदा तिन्ही प्रतींचे ठसे जुळवून बघा, आणि प्रत्येक साठ्यावरची एखादी फाइल मधूनच उघडून पाच मिनिटं ऐका. डेकच्या हेडचा स्क्रू रंगाच्या ठिपक्यावर परत आणायचा राहिला असेल, तर तोही आणा.